आठवा टॅग

आमच्या लॅबमध्ये माशांपेक्षा किस्सेच जास्त वाढतात. नागपुरात कुठल्याही लग्नात मी पंगतीला बसले की मैत्रिणी म्हणतात, "सांग ना वं, त्या सुईचं!" अन् माझं वरण थंड होतं.

काम असं. माशाच्या पाठीत तांदळाएवढा काचेचा टॅग टोचायचा. वर रीडर धरला की बीप, अन् स्क्रीनवर त्या माशाचा नंबर. टोचायला हातातला इंजेक्टर, जाड सुई, आत दांडी. दांडीचं टोक सुईच्या तोंडाशी बरोब्बर आलं पाहिजे. ते जुळवायचं काम माझ्या गळ्यात.

पहिल्याच दिवशी दट्ट्या दाबला अन् टॅग गायब! टेबलाखाली पाहिलं, केर चाळला. शेवटी रीडर घेऊन खोलीभर फिरले. बीप! आमच्या लॅबप्रमुख मॅडमच्या अंबाड्यात! मॅडम जागच्या हलल्या नाहीत. म्हणाल्या, "मशीन चांगलंय. माणूस बदलावा लागेल."

मी कंत्राटावरची.

*

रामटेककडच्या तलावावर आम्हाला मासे धरून देतात ते दशरथभाऊ. ते एकदा म्हणाले, "काहून टोचून राहिल्या जी त्याईले? मी तोंड पाहून ओळखतो ना!"

मॅडम पेटल्या. टॅग लावलेले पाच मासे टबात सोडले. भाऊ एकेक उचलून सांगायला लागले. "हा काल पयले धरला. याचा ओठ फाटला. हे बाई भांडकुदळ आहे." मी रीडर लावून नंबर वहीशी ताडत गेले. पाचही बरोबर!

मॅडम हळूच म्हणाल्या, "मग आपण हे मशीन कशाला घेतलं गं?"

*

प्रोजेक्टची मुदतवाढ ज्या साहेबांच्या हातात, त्यांनी फोनवरच दम भरला. "असली यंत्रं कुठंही वाजतात. माझ्यासमोर एकदा जरी खोटं वाजलं, तर प्रोजेक्ट बंद!"

म्हणजे माझी नोकरीही बंद. साहेब यायच्या आदल्या दिवशी बाजारातून रोहू मासा आणला अन् सराव केला. वहीत ओळीनं नंबर लिहून आठ टॅग टोचले, सात काढले. आठवा खोल गेला होता, दांडी कणभर लांब होती. ती नीट केली. रोहू फ्रीजमध्ये ठेवला, वर चिठ्ठी लावली, "हात लावू नये."

*

साहेब आले. आधी जेवण. बाजार बंद, तरी आमच्या स्वयंपाकीण लीलाबाईंनी रोहूचा सावजी रस्सा करून दाखवला! साहेबांच्या डोळ्यांतून धारा, नाकातून धारा, पण भातात कालवून न चावताच घास गिळताहेत. "अफलातून!" मी मनात म्हटलं, चला, झाली सही!

डेमोही झकास. टबातले मासे एकेक करून बीप. मग मॅडमना चेव आला. "आता बघा साहेब, टॅग नाही तिथं वाजणार नाही." रीडर माझ्यावरून फिरवला. चूप. दशरथभाऊंवरून. चूप. स्वतःच्या अंबाड्यावरून. चूप. मग साहेबांच्या पोटावरून.

बीप!

"बघा!" साहेब किंचाळले. "खोटं वाजलं!"

मॅडमनी पुन्हा रीडर धरला. बीप! त्यांनी स्क्रीन पाहिली, माझी वही उघडली, आठव्या ओळीवर बोट ठेवलं. मग अगदी नम्रपणे म्हणाल्या,

"खोटं नाही साहेब. हा आमचाच रोहू आहे."