जाळ्याच्या दोऱ्याचं कलम

लाखांदूरच्या बाजूला तलावाकाठी मासेमार ढिवरांची वस्ती आहे. पिढ्यान्‌पिढ्या पाण्यावर जगलेली ही माणसं, आणि त्यांच्यातल्याच ममताला वेड लागलं ते पाणी नको म्हणणाऱ्या झाडांचं! नवरा बुधराम मासोळी घेऊन बाजाराला गेला, की ही टिनाच्या छपराखाली निवडुंगांच्या कुंड्यांपुढे ठाण मांडते. धानाच्या मुलखातल्या पावसात ही झाडं जगवायची म्हणजे नसती डोकेदुखी. पण हौसेला मोल नसतं. मोबाईलवर वाचून तिने नदीची जाड रेती चाळली, विटांचा चुरा मिसळला, ढीगभर झाडं सडवली आणि त्यातून शिकली.

"पानं नाई, भाजी नाई, चाटतं का याले?" शेजारची गिरजाबाई विचारायची. ममता ऐकून न ऐकल्यासारखं करायची.

सगळ्यांत लाडकं होतं एक अ‍ॅस्ट्रोफायटम. बिनकाट्याचं, गोल, अंगभर पांढरे ठिपके. बारीकशा बीपासून वाढवलेलं, पण वर्षं लोटली तरी फूल नाही. एका उन्हाळ्यात माथ्यावरच्या लोकरीसारख्या लवेत कळी दिसली आणि नेमकं तेव्हाच भावाच्या लग्नाला माहेरी जावं लागलं. घरी राहिली सासू, बायाबाई. तिला त्या सुकल्यासारख्या झाडाची कीव आली. तिने रोज सकाळी त्याला पोटभर तांदळाचं धुवण पाजलं.

ममता परतली तेव्हा कळी गळली होती आणि बूड पचपचीत झालं होतं. ती म्हातारीवर ओरडली.

"कायले पाजलं पाणी? सांगून गेलती ना मी!"

"मले वाटलं, तहानेनं मरून राहिलं वं," बायाबाई म्हणाली आणि तिचा चेहरा एवढासा झाला.

ममताने डोळे पुसले, सुरीचं पातं स्पिरिटने पुसलं आणि सडका भाग कापत वर गेली. लिंबाएवढा माथा तेवढा निरोगी निघाला. मुळं नसलेला तो तुकडा जगवायचा एकच मार्ग होता, कुंडीतल्या ड्रॅगनफ्रूटच्या खोडावर कलम. तिने खोड सपाट कापलं, वर माथा ठेवला, रबर लावलं. ते घसरलं. दुसरं लावलं, ते तुटलं. काप सुकला असता तर सगळंच गेलं असतं.

"सरक," म्हणत बायाबाई जाळ्याचा नायलॉनचा दोरा घेऊन बसली. आयुष्यभर जाळी विणलेले हात ते. "किती ताणू?"

"दाबून बसलं पाह्यजे, पण कापलं नाई पाह्यजे."

"म्हणजे मासोळी अटकली पाह्यजे, तिचं अंग फाटलं नाई पाह्यजे. समजलं."

कुंडीखालून, माथ्यावरून तिने दोरा फिरवला आणि चारही बाजूंना सारखा ताण देऊन गाठ मारली. तशी गाठ ममताला जन्मात जमली नसती.

काही दिवसांनी दोरा सोडला, तर कलम घट्ट धरलेलं! पुढच्या उन्हाळ्यात एका भर दुपारी ते फुललं. पिवळंधमक, आत लाल, झाडाहून मोठं फूल. बायाबाईने हाका मारमारून वस्ती गोळा केली. गिरजाबाई तर कितीतरी वेळ वाकून बघत राहिली.

"कोनं जगवलं वं हे?" तिने शेवटी विचारलं.

ममता उत्तर देणार, तोच बायाबाई पदर खोचून पुढे झाली.

"आमी दोघींनी!"

ममताला हसूही आलं आणि रडूही. तिने सगळ्यांसमोर सासूला मिठी मारली.