यमुनेची ओटी

दिल्लीत राहणाऱ्या मराठी माणसाकडे गावाहून कुणी आलं की त्याला पानिपतला नेण्याची एक अलिखित सक्ती असते. लाल किल्ला राहिला तरी चालतो, पानिपतचं ते काला अंबचं युद्धस्मारक राहता कामा नये. आईला मी आतापर्यंत दोनदा नेलं होतं. यंदा एप्रिलअखेरीस ती माझ्याकडे आल्यावर पुन्हा विषय काढला, तेव्हा ती मेथी निवडता निवडता म्हणाली, "परत? अगं, किती वेळा हरायला जायचं?"

"या वेळी पुढे नदीवर मुक्काम करायचाय," मी म्हणाले. "इको-लॉज आहे, यार. यमुनेच्या अगदी काठावर."

"आईला यार म्हणू नये," ती म्हणाली. पण तिचा निवडणारा हात थांबला.

तो हात थांबावा म्हणून तर हा सगळा खटाटोप होता. बाबा गेल्यापासून आई कृष्णाकाठच्या आमच्या गावी एकटी राहते. गेल्या पावसाळ्यात ती बाथरूममध्ये पाय घसरून पडली आणि ते मला शेजारणीकडून कळलं. तेव्हापासून अवेळी फोन वाजला की तो शेजारणीचा तर नाही ना, हे मी आधी बघते. मी एकुलती एक, बिनलग्नाची, केंद्र सरकारच्या नोकरीत, आणि शिकायला आले तेव्हापासून मुनिरकातल्या त्याच भाड्याच्या खोलीत. आईने कायमचं माझ्याकडे यावं, असं मी दरवेळी सुचवते. ती दरवेळी खिडकीकडे बघते. खिडकीतून समोरच्या बिल्डिंगमधला कूलर दिसतो. "तुमच्याकडे नदी नाही गं," एवढंच ती म्हणते. घाटावर जाऊन बसल्याशिवाय तिचा दिवस संपत नाही.

तर मी तिला नदी दाखवणार होते. अर्थात स्वस्तात. मी स्वतःला बजेट ट्रॅव्हलर म्हणवते, आई चिक्कू म्हणते. उन्हाळ्यात तिथे कुत्रंही फिरकत नाही, म्हणून भाडं उतरलेलं होतं, आणि त्यातही मी सगळ्यात स्वस्त झोपडी निवडली. फोटोत झोपडीच्या दाराशी पाणी होतं. हा फोटो पावसाळ्यातला असेल, ही साधी शंका मला आली नाही. दुसऱ्यांच्या फायलींत खुसपटं काढण्यात माझी निम्मी हयात गेली आहे.

काला अंबला आईने सवयीने हात जोडले. सावली बघून आम्ही पोळी-भाजीचा डबा संपवला आणि भर उन्हात लॉजवर पोचलो. समोर वाळू होती. वाळूवर काकडीचे आणि टरबुजाचे वेल होते, आणि वेलांच्या पलीकडे पुन्हा वाळूच.

"नदी किधर है?" मी विचारलं.

मालक म्हणजे गुडगावची नोकरी सोडून निसर्गात रमलेला एक दाढीवाला गृहस्थ. त्याने मोठ्या शांतपणे लांबवर बोट दाखवलं. "रिवर-साइड ही है, मैम. बस, गर्मियों में रिवर थोड़ी उधर चली जाती है."

मी त्याच्याशी कडकडून भांडले. ठेवणीतली सगळी सरकारी हिंदी वापरली. तो हसतमुखाने ऐकत राहिला आणि शेवटी त्याने आम्हाला बेलाचं सरबत दिलं. तोवर आईने झोपडीची पाहणी केली होती. शेणाने सारवलेली जमीन, अंघोळीला बादली, आणि संडासात पाणी ओतायच्या ऐवजी वरून टाकायला लाकडाचा भुसा.

"आपल्या घरची असली जमीन जाऊन फरशी बसली, तेव्हा मी आळीत पेढे वाटले होते," ती बाहेर येऊन म्हणाली. "आणि तू पैसे भरून परत इथे आणलंस?"

"हा एक एक्सपीरियन्स असतो, आई."

"अच्छा," आई म्हणाली. एवढं हिंदी तिला माझ्यामुळे येतं. मला रडू यायचंच बाकी होतं. सगळा डाव माझ्यावर उलटला होता.

सकाळी उठले तर आई पिशवी घेऊन तयार. पिशवीत खण, नारळ, तांदूळ, हळदकुंकू. परक्या नदीवर गेलं की तिची ओटी भरायची, ही आमच्याकडची रीत.

"हे कुठून आणलंस?"

"घरून. दरवेळी आणते की. योग येत नाही, मग परत नेते."

हे मला कधी कळलंच नव्हतं. आम्ही निघालो. आई चपला हातात घेऊन पुढे, आणि मी सेलमधल्या सँडलमध्ये वाळू भरत मागे. अखेर पाणी आलं. घोटाभर, गढूळ आणि दमलेलं. आईने पिशवी माझ्याकडे दिली. "तू भर."

"मी? तू भर ना."

"मी आता भरून चालत नाही."

मला संताप आला. बाबांच्या मागे तिने स्वतःवर काय काय बंदी घालून घेतली होती कोण जाणे! "तू विधवा म्हणून चालत नाही? नदीला काय पडलंय त्याचं?" असं म्हणत मी तणतणत पाण्यात शिरले आणि चार पावलांत गुडघ्यापर्यंत गाळात रुतले. एक सँडल आतच राहिली. पिशवी डोक्यावर धरून मी तशीच उभी राहिले आणि लहानपणी सायकलवरून पडल्यावर मारायची तशी हाक मारली, "आई!"

आईने पदर खोचला, आत आली आणि मला बखोटीला धरून बाहेर ओढलं. माझे पाय धुतले. मग माझ्या हातातली पिशवी काढून घेतली आणि स्वतःच पाण्याशी वाकली. हळदकुंकू वाहिलं. खण, तांदूळ, नारळ, सगळं नीट केलं.

मग तिने हात जोडले आणि शेजारणीशी बोलावं तशी बोलली.

"बाई, माझी लेक तुझ्या गावात असते. एकटी असते, कुठेही पाय घालते. तिच्याकडे लक्ष असू दे."

मग तिने त्या घोटाभर पाण्याकडे बघितलं.

"राहू दे," ती म्हणाली. "तुझं तुलाच होईना झालंय. मीच राहते."