बंद पंख्याची तक्रार

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे चहा पिऊन तिची तक्रार फोनवर सांगणं. बायको पवईच्या एका ऑफिसात संडास धुवायची. तिथला पंखा बंद, ॲसिडच्या वाफेने तिची छाती भरायची. अकरा वर्षं साहेबाला तोंडाने सांगून झालं. आता ऑफिसने फोनवर एआय दिलं होतं. आपण बोलायचं, ते इंग्रजीत लिहून साहेबाला पाठवतं. ती फोनपुढे पदर सावरून उभी राहिली.

"अगं बस ना, साहेब नाही तो!"

"तुम्ही गप ऱ्हावा," म्हणाली आणि उभ्यानेच बोलली.

दुपारी कामावरच छाती भरली ती सुटलीच नाही. संध्याकाळी तिला जाळून आलो.

दुसऱ्या सकाळी फोनने साहेबाचं उत्तर वाचून दाखवलं, "तक्रार छान मांडलीत. पंखा आजच बसवतो." बोलणं तिचंच होतं, फक्त इंग्रजीत गेलं.

सुतकातच पवईला गेलो. साहेबाला म्हणालो, "हेच ती अकरा वर्षं सांगत होती."

"काका, जे असेल ते फोनवर टाका ना."

फोन खिशातच ठेवला. संडासात एकजण शिडीवर चढून पंखा बसवत होता. शिडीखालची तिची रबरी चप्पल उचलली आणि घरी आलो.