वरडू द्या की

स्टेजवर चढले की मास्तर आधी खिशातून खडू काढायचे. गळ्यात गिटार अडकवून स्पीकरच्या खोक्याकडे तोंड करायचे आणि एक एक पाऊल पुढे सरकायचे. एका ठरावीक जागी, तारेला बोटही न लावता, गिटार कण्हायला लागायची. तिथं वाकून ते फळीवर फुली मारायचे. माईकवाला धावत यायचा. "मास्तर, शिट्टी मारून राहिलंय, मागं सरका."

मास्तर म्हणायचे, "वरडू द्या की."

तुम्हाला ठाऊक आहे, माईक कुईं करून ओरडला की सगळा मांडव कानावर हात ठेवतो आणि माईकवाल्याचा उद्धार करतो. तो आवाज मुद्दाम काढणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला.

लातूर तेव्हा नुकतंच जिल्हा झालं होतं. कचेऱ्यांच्या पाट्यांचा रंग ओला होता आणि नळ कोरडे होते. मी त्यातल्याच एका कचेरीत कारकून. संध्याकाळी आमची गायन पार्टी असायची. मी गायचो, म्हणून लोक मला शाहीर म्हणत. मास्तरांचं गंजगोलाईजवळ रेडिओ दुरुस्तीचं टपरीवजा दुकान होतं. गिटार त्यांनी हैदराबादच्या एका मोडलेल्या ऑर्केस्ट्राकडून आणली होती आणि तिच्या आतल्या तारा स्वतःच जोडल्या होत्या.

तो आवाज पहिल्यांदा निघाला जळकोटला, मास्तरांच्या गावी. स्टेज एवढंसं, स्पीकर मास्तरांच्या पाठीला टेकलेला. माझं गाणं संपत आलं तसे ते माझ्याकडे वळले आणि गिटार जी ओरडली ती थांबेचना. मी डोळे वटारले. त्यांनी तारा दाबल्या नाहीत. उलट डोळे मिटून उभे राहिले, आणि आवाज आपोआप विरेपर्यंत हलले नाहीत. 

नंतर चहा पिताना मी चिडूनच विचारलं, हे काय होतं म्हणून. त्यांनी सांगितलं की गिटारचा आवाज स्पीकरमधून निघतो, तोच पुन्हा तारांत शिरतो, पुन्हा बाहेर येतो, असं फिरत राहतं. मग कप खाली ठेवून म्हणाले, "शाहीर, ते आमच्या हिरीचं चाक हाय."

गाणं त्यांच्या वस्तीच्या विहिरीवरचंच होतं. बहात्तरच्या दुष्काळापर्यंत त्यांच्या बौद्ध वस्तीला गावच्या विहिरीवर चढता येत नसे. बायका खाली घागर धरून उभ्या राहायच्या. कुणी वरून ओतलं तर ओतलं. दुष्काळात दिवसभर सरकारी कामावर खडी फोडून आलेली माणसं वस्तीत येऊन पुन्हा कुदळ घ्यायची. अशी त्यांनी आपली विहीर खणली आणि पाणी लागलं. त्या विहिरीचं चाक असं कोकलायचं की गावच्या पारापर्यंत ऐकू जायचं. तेल द्या, म्हणून गावातून निरोप आला. मास्तरांची आई म्हणाली, "वरडू द्या की. गावाला कळू द्या, आमी आमच्या हातानं पाणी शेंदून राहिलो."

 त्यानंतर ते गाणं त्या ओरडण्याशिवाय कधी झालं नाही. अर्धापूरपासून उदगीरपर्यंत लोक चिठ्ठ्या पाठवायचे, वरडणारं गाणं घ्या म्हणून.

मग नांदेडच्या एका कॅसेटवाल्यानं आम्हाला बोलावलं. मास्तरांनी एकच अट घातली. "माझं नाव छापू नका, चालल. पण चाक राहू द्या." मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवून शब्द दिला. देताना तो खराच होता, एवढं माझ्या बाजूनं लिहून ठेवतो.

रेकॉर्डिंगच्या खोलीच्या भिंतींना गोधड्या टांगल्या होत्या. मास्तरांनी फरशीवर फुली मारली आणि गाणं झालं. शेवटचं ओरडणं तर असं लांबलं की माझ्या अंगावर काटा आला. मालकानं मला बाजूला घेतलं. "लोक म्हणतील कॅसेट बिघडलेली आहे. सगळा माल परत येईल. एकदा तेवढं सोडून वाजवा, दोन्ही राहू द्या."

मी मास्तरांना सांगितलं, दुसरं नुसतं जवळ असावं म्हणून. त्यांनी मुकाट्यानं वाजवलं. ते सामान बांधायला बाहेर गेल्यावर मालकानं विचारलं, कुठलं घेऊ? मी म्हणालो, दुसरं. कुणी माझा गळा धरला नव्हता. माझा आवाज गावोगावच्या हॉटेलांत वाजावा, एवढीच हाव होती.

कॅसेट आली तेव्हा मी त्यांच्या दुकानातच होतो. गिऱ्हाईकाच्या टेपरेकॉर्डरवर त्यांनी ती लावली. माझा आवाज संपला, ढोलकीचे दोन ठोके पडले आणि पुढचं गाणं सुरू झालं. मास्तरांनी कॅसेट काढली. फीत कुठं अडकली का पाहिलं. पेन्सिल घालून ती मागे गुंडाळली, पुन्हा लावली. मग दुसऱ्या मशीनवर लावून पाहिली. शेवटी माझ्याकडे बघून म्हणाले, "शाहीर, टेप ठीक हाय."

"मालकानं केलं असेल," मी म्हणालो.

"हाव. मालकच करतेत." एवढं बोलून ते एका रेडिओच्या तारेला कथलाचा डाग द्यायच्या कामाला लागले.

भांडले असते तर बरं झालं असतं. जिल्हा झाल्याच्या वर्षपूर्तीच्या कार्यक्रमाला ते वेळेवर आले. खडू काढला नाही. सगळं गाणं चोख वाजवलं आणि ओरडण्याची जागा आली तशी स्पीकरपासून चार पावलं लांब जाऊन उभे राहिले. लोक वाट पाहत होते. मीही पाहत होतो. मग त्यांनी वायर गुंडाळली, ढोलकीवाल्याला "येतो" म्हणाले आणि गेले. महिन्याभरात दुकानही बंद.

पुढे कितीतरी वर्षं मी सांगत फिरलो, मास्तरनं ऐन भरात दगा दिला. सांगून सांगून मला ते खरंही वाटू लागलं होतं.

मग एकदा नांदेडला एका प्राध्यापकांच्या घरी परदेशी रेकॉर्ड ऐकली. गाण्याच्या सुरुवातीलाच ते ओरडणं. मी दचकून विचारलं, रेकॉर्ड बिघडलीय का? ते हसले. "नाही हो, मुद्दाम ठेवलंय. तिकडंही आधी चूकच समजायचे. कुणीतरी एकानं ती रेकॉर्डवर राहू दिली." ती रेकॉर्ड आमच्या कॅसेटीच्या बरीच आधीची होती. 

दुसऱ्या दिवशी जळकोटच्या गाडीत बसलो. मास्तरांना हे सांगायचं होतं, आणि कुठलं घेऊ या प्रश्नाला मी काय उत्तर दिलं, तेही.

मास्तर गावात नव्हते. हैदराबादकडे गेलेत, पत्ता नाही, असं वस्तीत कळलं. त्यांची म्हातारी आई विहिरीवर होती. दोर ओढत होती आणि चाक फिरत होतं, पण आवाज नव्हता.

मी विचारलं, "माय, हे वरडायचं ना?"

"वरडायचं की. लातूर सोडून आला तवा त्यानंच पयलं तेल दिलं, आता वस्तीतली पोरं देतेत. मी त्याला नगं म्हणलं, तर म्हणला, माय, आपलं माणूसच कान झाकून राहिलं, आता कुणाला ऐकवायचं." तिनं घागर काठावर टेकवली आणि माझ्याकडे नीट पाहिलं. "तुमी कोन म्हणायचे?"

मी नाव सांगितलं नाही. तिच्या हातातला दोर घेतला आणि दुसरी घागर शेंदू लागलो. घागर वर येईपर्यंत चाकातून काहीतरी निघेल, म्हणून कान लावून होतो.