ओळ मोडायची नाही

आमचा शिरू आज माझ्याजवळ आहे, तो पिशीमांमुळे. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं सांगताना माझा गोंधळ होतो. सातवीत शाळा सुटली, लिहायची सवय सासर-माहेरच्या पत्रांपुरती.

पिशीमा म्हणजे बंगालीत आत्या. आमचे हे कलकत्त्याला फोर्ट विल्यममध्ये कारकून होते आणि भवानीपुरात आम्ही तळमजल्यावरची खोली भाड्याने घेतली होती. पिशीमा त्या घरमालकांच्या विधवा बहीण. सगळी गल्लीच त्यांना पिशीमा म्हणे. त्या कावळ्यांशी भांडायच्या. नुसतं हाकलणं नव्हे, भांडण! गच्चीवर वाळवण पसरून, वेताची छडी मांडीवर घेऊन बसायच्या आणि एका लंगड्या कावळ्याला म्हणायच्या, "फिर आया? कल भी तो खाया, लज्जा नहीं?" त्यांचं हिंदी असं, माझं त्याहून वाईट, म्हणूनच आमचं जमलं.

शिरू तेव्हा पाच वर्षांचा. बोलत नसे, हाक मारली तर बघत नसे, जवळ घेतलं तर अंग आक्रसून घेई. ट्रामची घंटा वाजली की कान दाबून किंचाळायचा. मोठ्या इस्पितळातल्या डॉक्टरांनी 'ऑटिझम' असा शब्द सांगितला. ह्यांनी तो चिठ्ठीवर लिहून आणला. मी ती चिठ्ठी देवाच्या फळीवर ठेवली. दुसरीकडे कुठे ठेवणार?

दिवसभर शिरू सोड्याच्या बाटल्यांच्या झाकणांची ओळ लावत बसे. समोरच्या एका बाईंनी मला सांगितलं, "मोडत जा, म्हणजे खोड जाईल." मी मोडायची. तो भिंतीवर डोकं आपटायचा. मी रडायची, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा मोडायची. मला वाटे, औषध कडूच असतं.

एकदा गच्चीवर मी ओळीला हात घालणार, तोच पिशीमांची छडी माझ्या मनगटावर बसली. कावळ्यांची छडी! "बौमा, लाइन मत तोड़ो. तुम्हारा रांगोली को कोई लात मारेगा तो?" बौमा म्हणजे सूनबाई. मी हात मागे घेतला.

थंडीचे दिवस होते, त्या बोडी घालत होत्या. बोडी म्हणजे आपले कोहळ्याचे सांडगेच. पहिले दोन मोठे घालतात, त्यांना म्हातारा-म्हातारी म्हणतात. दोघांच्या डोक्यावर दूर्वा, म्हातारीला शेंदूर. "सिंदूर तुम लगाओ, हम नहीं छूता," त्या म्हणाल्या. त्या दिवशी त्यांनी म्हातारा-म्हातारीला बसवलं ते शिरूच्या शेवटच्या झाकणापुढे. मग एक बोडी, मग आणखी एक. त्याचीच ओळ त्यांनी पुढे नेली. शिरूनं वर पाहिलं नाही, पण किंचाळलाही नाही.

पुढे तो त्यांचं मनगट धरून बोडी कुठे पडायला हवी ते दाखवू लागला. वाकडी पडली की त्यांचा हात मागे ओढायचा. "हमारा सास आ गया," म्हणून पिशीमा हसून लोळायच्या. मी मात्र बाजूला बसून त्यांच्या मनगटाकडे बघत राहायची. माझं मनगट त्यानं कधी धरलं नव्हतं.

इकडे ह्यांनी एक फॉर्म आणला होता. अशा मुलांना ठेवून घेणारी संस्था, रेल्वेनं एक दिवस लांब. ह्यांची सही झाली होती, माझी राहिली होती. "आपण गेल्यावर याचं काय?" असं हे विचारत, आणि मी सही पुढे ढकली. शेवटी म्हणाले, "रविवारी सही कर. आता पुरे."

त्याच रविवारी पिशीमा तापानं पडल्या. डाळ वाटून तयार, नासून जाणार. त्यांनी निरोप धाडला, "बौमा, तुम दो." बंगालीत बोडी 'देतात', म्हणजे घालतात. मी शिरूला घेऊन गच्चीवर गेले. पहिली बोडी पडली ती वाकडी. आणि माझ्या मनगटावर शिरूची बोटं आली. स्वतःहून. त्यानं माझा हात दोन बोटं डावीकडे सरकवला आणि थांबला. मी दुसरी घातली. त्यानं पुन्हा सरकवला.

फॉर्म घेऊन हे वर आले होते, ते जिन्याच्या दारातच उभे राहिले. लंगडा कावळा ओळीजवळ उतरला, तेव्हा ह्यांनी हातातल्या फॉर्मनंच त्याला हाकललं. मग तिथेच मांडी घालून बसले आणि ऊन उतरेपर्यंत त्याच कागदानं कावळे वारत राहिले.

दोन वर्षांनी जबलपूरला बदली झाली. निघताना पिशीमांनी छडी माझ्या हातात दिली. "उधर भी कौआ होगा." शिरूनं त्यांच्याकडे पाहिलं नाही, पण टॅक्सीत चढवेपर्यंत त्यांचं मनगट सोडलं नाही. त्यांनीही सोडवून घेतलं नाही.

शिरू अजून बोलत नाही. मला अजून रात्र-दिवस घोर आहे. पण घरचे सांडगे तोच घालतो, सुतात.

पिशीमा, तुमचे हात आता थकले असतील. एका थंडीत आम्ही येणार, हा माझा शब्द. डाळ मी वाटीन, बोडी तो घालील. तुम्ही फक्त कावळ्यांशी भांडायचं. छडी जपून ठेवली आहे, येताना घेऊन येते.