वाफ ओळखणारे गफूरभाई

धुळ्यात यंत्रमागांच्या वस्तीत गफूरभाईंचं घर विचारलं, तर लोक आधी विचारतात, "कोणते गफूर? बॉयलरवाले?" वयाच्या एकविसाव्या वर्षी ते आताचा मालक हसीब याच्या वडिलांच्या सायझिंगमध्ये लागले आणि साठीला टेकेपर्यंत तिथेच राहिले. सायझिंग म्हणजे मागावर चढण्याआधी सुताला खळ लावून वाळवण्याचा कारखाना. ओलं सूत वाफेने तापलेल्या मोठमोठ्या सिलिंडरांवरून फिरत वाळतं, आणि ती वाफ देणारा बॉयलर गफूरभाईंच्या ताब्यात. शाळा आठवीपर्यंत झालेली, पण बॉयलर अटेंडंटची सरकारी परीक्षा त्यांनी दुसऱ्या खेपेला पास केली होती. ते प्रमाणपत्र त्यांच्या बायकोने, हमीदाने, काचेत घालून दिवाणाच्या वर लावलं होतं.

माणूस अबोल. पण त्यांचा कान विलक्षण. भट्टीचं दार उघडण्याआधीच नुसत्या आवाजावरून त्यांना कळायचं की आग नीट लागली आहे की नुसती धुमसते आहे. एक लांब पेचकस त्यांच्या खिशात असायचा. त्याचं टोक पाईपवर टेकवायचं, मूठ कानाला लावायची आणि आत वाफ धावते आहे की पाणी, ते सांगायचं. सोबतचे कामगार गमतीने त्यांना डॉक्टर म्हणत.

बॉयलरमध्ये आधी लाकूड जळायचं. पुढे लाकडाची ओढाताण सुरू झाली तेव्हा हसीबच्या वडिलांनी एक दिवस भंगारवाल्याचा टेम्पो आत घेतला. चपलांच्या सोलची कात्रणं, फाटक्या ताडपत्र्या, प्लॅस्टिकच्या चिंध्या. आजूबाजूचे दोघं-तिघं हेच जाळतात, आपण काही वेगळं करत नाही, असं ते म्हणाले. गफूरभाईंनी पहिलं घमेलं स्वतःच्या हाताने भट्टीत टाकलं. आग फार जोरात लागली आणि वाफेचा काटा भराभर चढला, हे त्यांना नंतरही आठवत राहिलं, कारण त्या दिवशी त्यांना बरंच वाटलं होतं.

असं सात वर्षं चाललं. धूर काळा आणि चिकट असायचा. गल्लीतल्या बायकांनी गच्चीवर पापड घालणं सोडलं. हमीदा धुतलेले कपडे घरातच दोरीवर टाकू लागली. हे कुठून येतं ते तिला ठाऊक होतं, पण नवऱ्याला तिने एका शब्दाने विचारलं नाही. गफूरभाईंनाही ते कळत होतं. घरी आले की ते दोरीखालून वाकून जायचे आणि त्या विषयावर दोघंही बोलायचे नाहीत.

एका हिवाळ्यात शेजारची जीनत दारात आली. तिचं बाळ पाच महिन्यांचं होतं आणि श्वास घेताना त्याच्या छातीतून बारीक शिटी वाजायची. गफूरभाईंना वाटलं, आता ही भांडणार. त्यांनी मनात उत्तर तयार ठेवलं होतं, की मी नोकर माणूस, मालकाला जाऊन सांग. पण जीनत भांडायला आलेली नव्हती. ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत ती म्हणाली, "चाचा, ते प्लॅस्टिक तुम्ही किती वाजता टाकता, तेवढं आदल्या दिवशी सांगत जाल का? तेवढा वेळ मी बाळाला घेऊन देवपूरला बहिणीकडे जाऊन बसेन."

गफूरभाईंनी तिला वेळ सांगितली. ती "बरं" म्हणून गेली. तिने शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, असं ते पुढे अनेकदा म्हणाले.

पुढच्याच वर्षी हसीबचे वडील वारले आणि कारभार हसीबकडे आला. हसीब तिशीतला, धांदरट पण मनाने वाईट नव्हे. त्याच्या कुणा ओळखीच्याने त्याला 'सोबती' नावाच्या संस्थेच्या बैठकीला नेलं. ही संस्था जळगावची. डाळमिल, चटईचे कारखाने, तेलघाण्या, सायझिंग अशा लहान लहान कारखानदारांनी एकत्र येऊन चालवलेली. नफा कमवायचा नाही, दंड करायचा नाही. एकाच्या कारखान्यात काय वाया जातं ते दुसऱ्यांनी येऊन बघायचं आणि पाणी, वीज, जळण कमी कसं लागेल, धूर-सांडपाणी कसं कमी होईल ते मिळून ठरवायचं. संस्थेची इंजिनीअर सुलक्षणा पाटील धुळ्याच्या बाजूचं काम बघायची. हसीब बैठकीत आपला कारखाना दाखवायला हो म्हणून आला आणि घरी आल्यावर घाबरला. संस्थेची म्हणते, पण सरकारी निघाली तर? म्हणून ती यायच्या दिवशी भंगाराची पोती ताडपत्रीखाली झाकली गेली, आणि गफूरभाईंना ताकीद मिळाली, की विचारेल तेवढ्याचंच उत्तर द्यायचं.

सुलक्षणा आली. ताडपत्रीकडे तिने एकदा पाहिलं आणि काहीच विचारलं नाही. मग गफूरभाईंच्या हातातल्या पेचकसाकडे बघून म्हणाली, "चाचा, तुम्हाला यात काय ऐकू येतं?"

तीस-बत्तीस वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं. गफूरभाई तिला सिलिंडरांमागे घेऊन गेले. तिथे वाफ अडवून फक्त पाणी बाहेर सोडणारे ट्रॅप बसवलेले असतात. त्यांतले सात बिघडलेत, ताजी वाफ तशीच निघून जाते, हे त्यांनी एकेकावर पेचकस टेकवून दाखवलं. तिच्याही कानाला मूठ लावली. मग कुठल्या पाईपचं वेष्टण गळून पडलंय, कुठली वाफ उगाच लांबून फिरून येते, सगळं सांगितलं. हसीब मागे उभा राहून ऐकत होता. "चाचा, हे मला कधी बोलला नाहीत," तो म्हणाला. गफूरभाईंनी त्याच्या वडिलांना तीनदा सांगितलं होतं, पण गेलेल्या माणसाविषयी काय बोलायचं म्हणून ते गप्प राहिले.

शेवटी सुलक्षणा मागच्या भिंतीपाशी थांबली. भिंतीतून निघालेल्या पाईपातून उकळतं पाणी गटारीत पडत होतं. सिलिंडरांत वाफेचं झालेलं हे पाणी. ते परत बॉयलरला दिलं तर जळण खूप कमी लागेल, आणि जळण कमी लागलं तर भंगार जाळायची गरजच उरणार नाही, असं ती उत्साहाने सांगू लागली. भंगाराचं नाव तिने पहिल्यांदाच काढलं होतं. हसीबने मान खाली घातली.

गफूरभाई मात्र वेगळ्याच काळजीत पडले. भिंतीपलीकडे रोज सकाळी बायकांची रांग लागायची. थंडीत मुलांच्या अंघोळीला, भांड्यांना, कपड्यांना गल्लीतल्या वीस-बावीस घरांत हेच पाणी जायचं. हमीदा त्या रांगेत असायची आणि जीनतही. धुराला कंटाळलेल्या बायका त्याच कारखान्याच्या पाण्यावर दिवस सुरू करत होत्या. आता धूर जाणार, पण पाणीही जाणार. घरी त्यांनी हमीदाला हे सांगितलं. पोळ्या लाटता लाटता ती म्हणाली, की धूर बंद होत असेल तर पाणी चुलीवर तापवू, पण चूल पेटवायला लागणारं जळण कुठून येणार ते तुमच्या मॅडमला विचारा.

दुसऱ्या दिवशी गफूरभाईंनी सुलक्षणाला ते जसंच्या तसं विचारलं. आपल्या कागदावर त्या बायका कुठेच नव्हत्या, हे तिने सरळ कबूल केलं. दोघांनी बसून हिशेब मांडला आणि ठरलं, की सकाळी सात ते आठ पाणी भिंतीबाहेर, एका नळातून, आणि बाकी दिवसभर बॉयलरला. हसीबने नळ बसवून त्याखाली लहानसा ओटा बांधून दिला. पाणी भरायला लागणारी रांग आधी गटारीच्या काठावर असायची, आता ती ओट्यासमोर आली.

पण काम सुरळीत झालं नाही. सुलक्षणाने गरम पाण्याची टाकी उंचावर ठेवायला सांगितली होती. हसीबला चौथरा बांधायचा कंटाळा आला, त्याने ती जमिनीवरच बसवली. सुरू करायच्या दिवशी संस्थेचे पाच-सहा कारखानदार बघायला जमले होते. अर्धा तास सगळं छान चाललं. मग गफूरभाईंना बॉयलरला पाणी देणाऱ्या पंपाचा आवाज बदललेला जाणवला. आत खडे खुळखुळल्यासारखा. उकळतं पाणी पंपाला ओढता येत नव्हतं. त्यांनी काचेच्या नळीकडे पाहिलं. बॉयलरमधली पाण्याची पातळी खाली चालली होती.

हसीब म्हणाला, थंड पाणी सोडा पटकन. गफूरभाईंनी त्याचा हात धरून बाजूला केला. कोरड्या तापलेल्या लोखंडावर थंड पाणी पडलं तर बॉयलर फुटू शकतो, हे त्यांना परीक्षेआधीपासून ठाऊक होतं. "आग ओढा," ते म्हणाले, "आणि सगळे बाहेर व्हा." जमलेले कारखानदार फाटकापर्यंत मागे सरले. गफूरभाई आणि एक कामगार दोघांनी लांब सळ्यांनी पेटता विस्तव बाहेर ओढला. भट्टीला हवा देणारा पंखा बंद झाला, वाफ उतरली. काही झालं नाही. पण हसीब भिंतीला टेकून बसला. थोड्या वेळाने तो सुलक्षणावर चिडला, की हे तुमचं नवीन खूळ मला नको, आमचं जुनंच बरं.

सुलक्षणाला रडू यायचं बाकी होतं. कागदावर चौथरा तिने स्वतः काढला होता, तो दाखवून ती हसीबला गप्प करू शकली असती. तिने ते केलं नाही. गफूरभाईंनी हे पाहिलं. ते हात धुऊन आले आणि हसीबला एवढंच म्हणाले, की टाकी दहा फूट वर न्या, पाणी स्वतःच्या वजनाने पंपात उतरेल, मग पंप कुरकुर करणार नाही. आणि तसं होईपर्यंत मी बॉयलर पेटवत नाही. मालकाला त्यांनी नाही म्हटल्याची ही पहिली वेळ होती. चार दिवस बॉयलर थंडच राहिला. पाचव्या दिवशी गवंडी आला.

टाकी वर गेल्यावर पंप शांत चालू लागला. जळण इतकं कमी लागू लागलं, की हसीबचा स्वतःचाच विश्वास बसेना. राहिलेलं जळण संस्थेने सोनगीरहून मिळवून दिलं. तिथे वना पाटील नावाच्या शेतकऱ्याने कापसाच्या पऱ्हाटीचा भुगा दाबून गट्टू करायचं यंत्र टाकलं होतं. गफूरभाई जळण बघायला गेले, तेव्हा वना अहिराणीत म्हणाला, "आमना गावमा बठ्ठी पऱ्हाटी वावरमाच जाळतस, भाऊ. तुमले लागस ते लई जा." गावात सगळी पऱ्हाटी शेतातच जळते, हवी तेवढी न्या, असं त्याचं म्हणणं. गफूरभाईंनी एक गट्टू फोडून हुंगला, दाताखाली धरून पाहिला, ओलावा नाही म्हणाले. भंगाराचा टेम्पो त्यानंतर कारखान्यात आला नाही.

जीनतचं बाळ आता शाळेत जातं. त्याची छाती अजूनही थंडीत धरते. धुरामुळेच तसं झालं की जन्मतःच होतं, हे डॉक्टरांनाही नक्की सांगता आलं नाही. गफूरभाईंनी तिची कधी माफी मागितली नाही, तिनेही तो विषय काढला नाही. दर हिवाळ्यात वनाकडून आलेल्या गट्टूंचं एक पोतं मात्र ते स्वतः नेऊन तिच्या दारात ठेवतात.

कारखाना सोडल्यावर 'सोबती'ने त्यांना आपल्याकडे बोलावलं. आधी ते तयार नव्हते. शिकलेल्या लोकांत आपण काय बोलणार? सुलक्षणा म्हणाली, बोलू नका, ऐका. मग एसटीने ते गावोगाव जाऊ लागले. बोदवडला प्रेमराजशेठ नावाचे तेलगिरणीवाले होते. त्यांच्याकडेही भंगारच जळत होतं. शेठने खुर्ची दिली, चहा दिला आणि हसून म्हणाले, की बाहेरून येऊन शिकवणं सोपं असतं, चाचा.

"मी बाहेरचा नाही, शेठ," गफूरभाई म्हणाले. "सात वर्षं मी माझ्या हाताने हेच जाळलंय. आमच्या गल्लीतल्या एका पोराच्या छातीत शिटी वाजायची, तरी मी जाळत राहिलो. म्हणून सांगायला आलो."

सुलक्षणा शेजारीच बसली होती. तिनेही हे पहिल्यांदाच ऐकलं. शेठने हसणं थांबवलं, पण हो म्हटलं नाही. ट्रॅप दुरुस्त करून घेतले, पाईपांना वेष्टण बांधून घेतलं आणि भंगार चालूच ठेवलं. आठ महिन्यांनी त्यांचा फोन आला, सोनगीरच्या वनाचा नंबर हवा होता. दुसऱ्या एका गिरणीने सगळं नीट करून वर्षभरात परत जुनं धरलं. गफूरभाई तेही सांगतात, लपवत नाहीत.

आता महिन्याच्या पहिल्या रविवारी देवपूरच्या एका खोलीत ते बॉयलरवाल्यांना शिकवतात. अकरा-बारा जण येतात. मागच्या खेपेला लोटन नावाचा चाळिशीचा एक जण मागे थांबला. सगळे उठल्यावर म्हणाला, "नाना, हे सगळं पटलं. पण उद्या शेठने भंगाराचं पोतं आणून समोर ठेवलं आणि टाक म्हटलं, तर मी काय करू? माझ्या घरात खाणारी सहा तोंडं आहेत."

स्वतः काय केलं होतं ते गफूरभाईंना आठवत होतं. मग त्यांनी त्याच्या शेठचं नाव, कारखान्याचा पत्ता विचारून घेतला आणि सांगितलं, की तू काही बोलू नकोस, मी येतो.

मंगळवारी सकाळी हमीदाने डबा भरून दिला. पेचकस खिशात घालून ते बसस्टँडवर गेले.