स्टँड काढ

आमचे भावोजी मोटारसायकली बांधतात. ट्रेलरवर चढवायच्या, पट्ट्यांनी आवळायच्या आणि या गावातून त्या गावात पोचवायच्या, हा त्यांचा धंदा. बावीस वर्षांत त्यांची एकही गाडी आडवी झालेली नाही. हे ते भेटणाऱ्या प्रत्येकाला सांगतात. दवाखान्यात सलाईन लावणाऱ्या नर्सलाही सांगितलं होतं.

घरीसुद्धा तेच. फ्रिज भिंतीला बांधलेला, मिक्सर ओट्याला. ताई एकदा चिडून म्हणाली, "मलाही बांधून टाका एकदाची!" तर हा माणूस खरंच विचारात पडला. आता बोला!

माझं फर्निचरचं दुकान बंद पडलं, म्हणजे मालकाचं पडलं आणि मी रस्त्यावर आलो. ताई त्यांच्या मागे लागली, "माझ्या भावाला घ्या हाताखाली." भावोजींनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "एक खेप बघू," म्हणाले. मला राग आला, पण गिळला. पोटापुढे मान कसला?

पहिलीच गाडी एका रिटायर्ड पोस्टमनची, भावोजींच्या अंगणात आणून दिलेली. गुडघे गेले, म्हणून म्हातारा ती लेकीला देत होता. जुनी, पण आरशासारखी पुसलेली. "तीस वर्षांत हिला पडू दिलं नाही," तो भावोजींचा हात धरून म्हणाला. "तुम्हीही देऊ नका." बोलताना त्याचा आवाज कापला.

"शब्द देतो," भावोजी म्हणाले.

फळीवरून गाडी वर घेतली, पुढचं चाक खाचेत बसवलं. हँडलच्या खालून दोन बाजूंना दोन पट्टे. भावोजींनी सगळा भार हँडलवर टाकला, पुढचे शॉकअप दबले, आणि मी पट्टे आवळले. मग मागचे दोन. "हलव बघू!" मी हलवली. अख्खा ट्रेलर हलला, गाडी जागची ढिम्म हलली नाही.

"शाब्बास! आता तेवढा स्टँड काढ," असं म्हणून ते पाणी प्यायला गेले.

आता तुम्हीच सांगा. आठ वर्षं मी दुकानात पलंगांचे आणि टेबलांचे पाय काढत होतो. 'पाय काढ' म्हटलं की पाना घ्यायचा, बोल्ट फिरवायचा आणि पाय हातात. मी काढला! या गाडीला एकच, बाजूचा स्टँड. स्प्रिंगने बोट सोललं, पण काढला. हरवू नये म्हणून बोल्टसकट फडक्यात गुंडाळून भावोजींच्या कपाटात ठेवून आलो. भावोजींनी वाकून पाहिलं, स्टँड खाली दिसला नाही, खूश झाले.

चार तासांच्या रस्त्यात त्यांनी नऊ वेळा थांबून पट्टे चाचपले. मला तर कंटाळ्याने झोप लागली.

पोस्टमनच्या लेकीच्या दारात गाडी उतरवली. भावोजींनी ऐटीत डावा पाय पुढे केला, स्टँड खाली पाडायला. पाय हवेत फिरला. पुन्हा फिरला. गाडी कलायला लागली, आणि ते तिला मिठी मारून ओरडले, "अरे, स्टँड कुठंय?"

"कपाटात," मी म्हणालो. "तुम्हीच म्हणालात ना, काढ!"

"अरे गाढवा, काढ म्हणजे वर घे!"

मला धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं. "भिंतीला टेकवू या?" मी हळूच विचारलं.

"टेकवलेली सरकते. सरकली की पडते." त्यांनी माझे दोन्ही हात ओढून हँडलवर ठेवले. "स्टँड तू काढलास. आता स्टँड तूच."

आणि गेले, गावातली गॅरेजं पालथी घालायला. मी उभा. दुपारचं ऊन. सोललेलं बोट ठणकायला लागलं. लेकीने खुर्ची आणली, पण बसणार कसा? नाकावर माशी बसली, ती मी बसू दिली. मालकाच्या टेबलाचे पाय मी कितीदा आपटले असतील, त्याचं काही वाटलं नव्हतं. इथे मात्र म्हाताऱ्याचा कापरा आवाज कानातून जाईना. पडू देणार नाही, मी स्वतःशीच म्हणत होतो.

अडीच तासांनी भावोजी स्टँड घेऊन आले. खाली बसून बोल्ट लावायला लागले, तेवढ्यात फोन वाजला. पोस्टमनच. भावोजींनी फोन दगडावर ठेवून स्पीकर लावला.

"पोचली का हो? कशी आहे?"

भावोजींनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. माझे दोन्ही हात अजून हँडलवरच होते, शर्ट भिजून पाठीला चिकटला होता. आता हा माणूस सगळं सांगणार आणि माझी पहिली खेप शेवटची ठरणार, असं मला वाटलं.

"उभी आहे, काका," भावोजी म्हणाले. "मेहुण्याने हात काढला नाही."